सूर्य मावळण्याच्या आत

बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायातला नुकसानभरपाईचा हिशेब मोठा काटेकोर आहे. बैल चोरून कापला किंवा विकला तर एकाबद्दल पाच बैल द्यायचे, मेंढरू असेल तर एकाबद्दल चार. चोरलेलं जनावर जिवंत हाती लागलं तर दुप्पट. आपली गुरं दुसऱ्याच्या शेतात चरली तर आपल्या शेतातलं उत्तम पीक द्यायचं. काट्याकुट्यांना लागलेली आग पसरून कुणाच्या सुड्या जळल्या, तर ज्यानं आग लावली त्यानं भरून द्यायचं. कुठं संदिग्धता म्हणून नाही.

सव्विसाव्या वचनाशी मात्र हा हिशेब थांबतो. शेजाऱ्याचं पांघरूण गहाण ठेवून घेतलंस तर सूर्य मावळायच्या आत ते त्याला परत कर. त्याच्याकडे अंगावर घ्यायला तेवढंच आहे. तो काय पांघरून निजेल? आणि नाही केलं परत, तर? दुप्पट नाही, चौपट नाही, दंड नाही, फटके नाहीत. पुढं फक्त एवढंच येतं की त्यानं माझ्याकडे गाऱ्हाणं केलं तर मी ते ऐकेन, कारण मी करुणामय आहे.

देवाच्या न्यायाबद्दल लहानपणापासून जे ऐकत आलो, त्यातलं बरंचसं मला या एका वचनापाशी थांबून पुन्हा तपासावंसं वाटलं.

शिक्षा का लिहिली नसेल? मला दिसणारं कारण साधं आहे. इथं खटला उभाच राहू शकत नाही. सावकारानं चोरी केलेली नाही. कर्ज खरं आहे, गहाण कबूल करून ठेवलेलं आहे. ज्याचं पांघरूण गेलं तो देणेकरी. उद्या पुन्हा याच माणसापुढं हात पसरायची त्याच्यावर वेळ येणार. तो वेशीतल्या वडीलधाऱ्यांपुढं जाऊन काय सांगणार? आणि रात्री थंडीत कोण कसं निजलं, याला साक्षीदार कुठून आणायचा? माणसांचं न्यायालय जिथवर पोचतं तिथवर नियमशास्त्रानं आकडे दिले. जिथं ते पोचत नाही, तिथं देव स्वतः म्हणतो की मी ऐकेन.

लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात हीच रीत आहे. बहिऱ्याला शिव्या देऊ नकोस, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नकोस, तर आपल्या देवाचं भय धर. बहिऱ्याला शिवी ऐकू येणार नाही, आंधळ्याला दगड कुणी ठेवला ते दिसणार नाही. गुन्हा आहे, पण फिर्यादीला गुन्हेगारच माहीत नाही. राशी (इ.स. १०४०–११०५) या यहुदी भाष्यकारानं या वचनावर नेमकं बोट ठेवलं आहे: कृती करणाऱ्याचा हेतू चांगला होता की वाईट, हे दुसऱ्या कुणाला कळणं शक्य नाही, म्हणूनच इथं देवाचं भय धर असं म्हटलंय. हे वाचल्यापासून ‘देवाचं भय’ हे शब्द मला दडपण आणत नाहीत. आंधळ्याच्या बाजूनं कुणीतरी पाहतंय, एवढाच त्यांचा अर्थ.

बायबलमधल्याच अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात हा गहाणाचा कायदा आणखी बारकाईनं येतो. जातं किंवा त्याची वरची तळी गहाण घेऊ नकोस, कारण ते जीवच गहाण घेणं झालं. विधवेचं वस्त्र घेऊ नकोस. आणि गहाण आणायला देणेकऱ्याच्या घरात शिरू नकोस. बाहेर उभा राहा, तो स्वतः बाहेर आणून देईल. मला यातलं ‘बाहेर उभा राहा’ फार आवडतं. ज्यानं पैसे घेतलेत त्यालाही उंबरठा आहे. घरात काय आहे, काय नाही, त्यातलं काय द्यायचं, हे तो ठरवणार. कर्जापायी माणसाची अब्रू जात नाही, असं कुठं मोठ्या शब्दांत लिहिलेलं नाही; सावकाराला दाराबाहेर थांबवलंय, बस्स.

शिवाय व्यवहार म्हणून पाहिलं तर हे गहाण कुचकामी आहे. रोज संध्याकाळी परत द्यायचं ते तारण कसलं? सावकारानं तक्रार केली असती तर ती रास्तच होती. पण रोज संध्याकाळी त्याला त्या दारापर्यंत चालत जावं लागणार, आणि आपला देणेकरी कशावर निजतो हे दिसत राहणार. कायद्याला बहुधा तेच हवं होतं.

हे सगळं कागदावरच राहिलं असेल, असं कुणी म्हणेल. भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर, यावने-यामच्या जवळ, मेसाद हशाव्याहू नावाचा एक छोटा प्राचीन किल्ला आहे. तिथं १९६० मध्ये उत्खननात एका खापरावर शाईनं लिहिलेला हिब्रू अर्ज सापडला, इ.स.पू. सातव्या शतकातला. अर्जदार कापणी करणारा एक मजूर आहे. बहुधा त्यानं तोंडी सांगितलं आणि लेखनिकानं उतरवून घेतलं. वाक्यं तशीच धापा टाकत येतात, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा. तुमच्या सेवकानं कापणी केली, धान्य कोठारात टाकलं, काम पुरं झालं, आणि तरी शोबायचा मुलगा होशायाहू आला आणि माझं वस्त्र घेऊन गेला. माझ्याबरोबर उन्हात कापणी करणारे माझे भाऊबंद साक्ष देतील. मी निर्दोष आहे. माझं वस्त्र मला परत द्या. आणि हे तुमचं कर्तव्य वाटत नसेल, तर निदान दया करा.

होशायाहूचं नाव आपल्याला कळतं. मजुराचं नाव खापरावर नाही, आणि त्याला वस्त्र मिळालं की नाही हेही नाही. शेवटचा भाग फुटलेला आहे. पण निर्गमातलं ते ‘गाऱ्हाणं’ कसं असेल याची मला उगाच कल्पना करावी लागत नाही. ते असंच असणार. थोडं गोंधळलेलं, थोडं लाचार, आणि स्वतःच्या निर्दोषपणाबद्दल अगदी ठाम.

त्याच्याही शंभरेक वर्षं आधी, इ.स.पू. आठव्या शतकाच्या मध्याला, यहूदातल्या तकोवा गावचा आमोस उत्तरेकडच्या इस्राएलात गेला. तो काही पेशानं संदेष्टा नव्हता. आपण मेंढपाळ आहोत, उंबराची झाडं राखतो, असं त्यानं बेथेलच्या अमस्या याजकाला तोंडावर सांगितलं. यराबाम दुसरा राज्य करत होता आणि राज्याला बरकत होती. शोमरोन या त्याच्या राजधानीतल्या हस्तिदंती घरांवर आणि हस्तिदंती पलंगांवर आमोस कोरडे ओढतो. १९३० च्या दशकातल्या उत्खननात त्याच शोमरोनात कोरीव हस्तिदंताचे तुकडे शेकड्यांनी निघाले. तेव्हा म्हातारा अतिशयोक्ती करत नव्हता. (म्हातारा हे माझं, त्याचं वय कुठंच दिलेलं नाही. पण तो बोलतो तसाच.)

त्याच्या पुस्तकाची सुरुवात मला कायम धूर्त वाटत आली आहे. आधी दिमिष्कावर न्याय, मग गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब. ऐकणारे खूश झाले असणार. शेजाऱ्यांचा न्याय ऐकायला कुणाला आवडत नाही? मग यहूदा, म्हणजे आमोसाचं स्वतःचंच राज्य. आणि फास आवळत आवळत शेवटी इस्राएल. तिथं आरोप एकाएकी बारीक होतात. नीतिमान माणसाला रुप्यासाठी विकलं, गरजवंताला जोडाभर वहाणांसाठी. आणि मग: प्रत्येक वेदीजवळ ते गहाण घेतलेल्या वस्त्रांवर पसरतात.

म्हणजे सूर्य मावळून गेलाय. वस्त्र परत गेलेलं नाही. ते देवळात आहे, आणि त्यावर पडून उपासना चालली आहे. ज्या देवानं ‘तो काय पांघरून निजेल’ असं विचारलं होतं, त्याच्याच वेदीपाशी त्याच पांघरुणाची बैठक. पुढं पाचव्या अध्यायात तुमच्या सणांचा मला वीट आलाय, तुमची गाणी दूर न्या, न्याय पाण्यासारखा वाहू दे, असं येतं. ही वचनं व्यासपीठांवरून इतकी म्हटली जातात की गुळगुळीत झालीत. वेदीजवळचं ते वस्त्र डोळ्यांपुढं ठेवून वाचली तर पुन्हा टोचतात.

याच लोकांना परमेश्वराच्या दिवसाची फार आस लागलेली होती. त्या दिवशी शत्रूंचं पारिपत्य होणार, आपण वर येणार. आमोस म्हणतो, तुम्हांला तो दिवस कशाला हवा? तो अंधार आहे, उजेड नाही. सिंहापासून पळालेल्याला अस्वल भेटावं, कसाबसा घरात शिरून भिंतीला हात टेकावा तर साप डसावा, तसं ते होईल. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूर साम्राज्यानं शोमरोन घेतलं. मी स्वतः कुठल्याही पडलेल्या राज्याकडे बोट दाखवून ‘हा बघा देवाचा न्याय’ म्हणायला धजणार नाही. संदेष्ट्यांना ते म्हणायचा अधिकार होता. आपल्यातले बरेच जण तो परस्पर उचलतात, आणि नवल म्हणजे त्यांचे भूकंप आणि पूर नेहमी दुसऱ्यांच्याच पापांवर येतात.

पण तोच दिवस खालून पाहिला तर कसा दिसतो? शहाण्णवावं स्तोत्र वाचा. आकाश हर्ष करो, समुद्र गर्जो, शेतं उल्हासोत, वनातली झाडं आनंदानं गावोत. कशासाठी? तो येतो आहे म्हणून. पृथ्वीचा न्याय करायला येतो आहे म्हणून. पुढच्या एका स्तोत्रात तर नद्या टाळ्या वाजवतात. न्यायाधीश येतोय म्हटल्यावर टाळ्या कोण वाजवतं? ज्याचा अर्ज कित्येक दिवस पडून आहे, तो. येशूनं प्रार्थनेचा दाखला द्यायला निवडली तीसुद्धा एक फिर्यादी बाई: देवाला न भिणाऱ्या, माणसांची पर्वा न करणाऱ्या न्यायाधीशाच्या दारात रोज येऊन ‘माझा न्याय करा’ म्हणत राहणारी विधवा. खापरावरच्या मजुराची ती बहीण शोभावी.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात माझा पगार एका ठिकाणी बरेच दिवस अडकला होता. कुणी वाईट वागलं नाही. सगळे गोड बोलत, ‘प्रक्रिया सुरू आहे’ म्हणत, आणि त्यांचंही खरंच होतं. एका कागदावर एक सही व्हायची होती आणि सही करणाऱ्याला घाई नव्हती. रोज संध्याकाळी मी हिशेबाची वही उघडून बसायचो. तेव्हा मी अनुवादाचं ते वचन पहिल्यांदा स्वतःच्या अंगावर वाचलं: मजुराची मजुरी त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. याकोबाचं पत्र त्याहून पुढं जातं. तिथं अडकवलेली मजुरीच ओरडते, आणि कापणी करणाऱ्यांचा आक्रोश सेनाधीश प्रभूच्या कानी गेलेला असतो. त्या दिवसांत या वचनांचा मला आधार होता, हे लपवत नाही. मात्र त्या आधारात सूडाची एक गोड चवही होती, आणि तिच्याबद्दल प्रेषित पौल रोमकरांना सरळ बजावतो: सूड घेऊ नका, सूड घेणं माझ्याकडे आहे, असं प्रभू म्हणतो. तुझा शत्रू भुकेला असेल तर त्याला जेवू घाल. न्याय वरच्या हाती आहे म्हणून तो माझ्या हातून सुटतो. मला हे अजूनही जड जातं. पण दुसरा मार्ग मला दिसत नाही; ज्याला वाटतं की हिशेब कुठंच होणार नाही, तो स्वतःच हिशेब करायला निघतो.

नव्या करारात हा न्यायाधीश कोण आहे, ते पाहण्यासारखं आहे. योहानाच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो की पित्यानं न्याय करायचा अधिकार पुत्राला दिला, आणि कारण देतो: तो मनुष्याचा पुत्र आहे. ज्याच्यापुढं आपण उभे राहणार, तो आपल्यातल्याच एका न्यायालयात उभा राहून आलेला आहे. लूकाच्या शुभवर्तमानात रोमी सुभेदार पिलात तीनदा म्हणतो की मला या माणसात दोष आढळला नाही, आणि तरी त्याला सोपवून देतो. मग शिपाई त्याची वस्त्रं काढून घेतात, चार वाटे करतात, आणि झगा बिनशिवणीचा, वरपासून विणलेला म्हणून त्यावर चिठ्ठ्या टाकतात. हे ठरल्या रिवाजासारखं शांतपणे उरकलं जातं. संध्याकाळ झाली तेव्हा ते वस्त्र परत आणून देणारा कुणी नव्हता. न्यायसभेचाच एक सभासद, अरिमथाईकर योसेफ, तागाचं कापड विकत घेऊन आला आणि त्यात त्यानं देह गुंडाळला. ज्या सभेनं दोषी ठरवलं तिच्यातलाच हा माणूस. लूक सांगतो की त्या निर्णयाला त्याची संमती नव्हती.

म्हणून मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात राजा ‘मी उघडा होतो’ म्हणतो, ते मला अलंकारिक वाटत नाही. मेंढरं उजवीकडे, शेरडं डावीकडे, हा प्रसंग सगळ्यांना पाठ आहे. माझं लक्ष हल्ली एकाच गोष्टीकडे जातं: दोन्ही बाजू चकित होतात. प्रभू, आम्ही तुला केव्हा पाहिलं? उजवीकडच्यांनाही ठाऊक नव्हतं. कुणीही न्यायाचा दिवस डोळ्यांपुढं ठेवून वस्त्र दिलेलं नव्हतं. समोर उघडा माणूस होता, दिलं.

आता नेहमीचा प्रश्न. तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेनं आहे, कर्मांनी नाही. मग कर्मांनुसार न्याय कसा? पौल एकाच पत्रात दोन्ही लिहितो, रोमकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात एक आणि तिसऱ्यात दुसरं, आणि त्याला ती अडचण वाटत नाही. ईश्वरविज्ञानात यावर कपाटंच्या कपाटं भरली आहेत; मला त्यांच्यापेक्षा येशूचा एक दाखला जास्त उपयोगी पडला आहे. एका राजाच्या सेवकाला दहा हजार तालांत देणं होतं. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार, आणि एक दीनार म्हणजे मजुराचा एक दिवस. सहा कोटी दिवसांचं कर्ज. राजानं ते सोडून दिलं. सेवक बाहेर पडला, त्याला शंभर दीनार देणं असलेला सोबती भेटला, आणि यानं त्याचा गळा धरला.

सहा लाखांस एक, असं हे प्रमाण आहे. पण आकड्यापेक्षा क्रम पाहावा. राजानं आधी माफ केलं, अटीविना. न्याय नंतर आला, आणि आला तो जुन्या कर्जासाठी नाही, त्या गळ्यासाठी. बातमी कुणी दिली? बाकीच्या सेवकांनी, त्यांना फार वाईट वाटलं आणि त्यांनी जाऊन राजाला सांगितलं. पुन्हा गाऱ्हाणं. शंभर दीनार वसूल करणं बेकायदा नव्हतं, हे इथंही लक्षात ठेवायला हवं. निर्गमातल्या सावकारासारखाच हाही हिशेबानं बरोबर होता.

आपल्या हाती कुणाचं काय अडकलेलं आहे याची मोजदाद करायला बसलं तर ती पैशांवर थांबत नाही. न केलेली सही, न दिलेलं उत्तर, दुसऱ्याच्या कामावरचं आपलं नाव, ‘बघू’ म्हणून टांगलेला माणूस. यातलं कशालाही कुठल्या न्यायालयात कलम नाही.

जक्कयाला हे समजलं होतं. तो यरीहोचा मुख्य जकातदार होता आणि श्रीमंत होता. येशू त्याच्या घरी उतरला. आधी हिशेब मागितला नाही, ‘आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे’ एवढंच म्हणाला. त्यावर हा उभा राहून म्हणतो, माझं अर्धं द्रव्य दरिद्र्यांना देतो, आणि कुणाचं काही अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत करतो. चौपट म्हणजे मेंढराचा दर, निर्गमाच्या त्याच बाविसाव्या अध्यायातला. ज्या व्यवहारांना कुणी चोरी म्हटलं नसतं त्यांना त्यानं स्वतःहून चोरीचा भाव लावला. आज या घराला तारण झालं आहे, असं येशू म्हणाला, आणि लूक लगेच दुसऱ्या दाखल्याकडे वळतो.

मला मात्र पुढचा आठवडा वाचायला आवडला असता. जकातनाक्याच्या वह्या काढून त्यानं नावं शोधली असतील. काही जण मेले असतील, काही गाव सोडून गेले असतील, काहींचा आकडा त्याच्या वहीत एक आणि त्यांच्या डोक्यात दुसराच असेल. आणि शास्त्राप्रमाणे त्याला दाराबाहेर उभं राहावं लागलं असेल, पैसे हातात घेऊन, आतून माणूस येईपर्यंत, आणि आल्यावर तो जे काही बोलेल ते सगळं ऐकून घेत.